खोका भरा, पण तो हक्काच्या जागी ठेवू नका

डिसेंबर उजाडला की गरीब मुलांना भेटवस्तूंचे खोके वाटण्याची लगबग सुरू होते. नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती संस्था खोके भरतात, कंपन्या भरतात, निवडणुकीवर डोळा असलेले पुढारीही भरतात. पिंगुळीतील काही बौद्ध कुटुंबांनीही आम्हांस विचारले की, दर घराने दोनशे रुपये काढून आपणही असे खोके का भरू नयेत? प्रश्न साधा दिसतो. तो तितका साधा नाही. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा हात खाली, ही रचना आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके भोगली आहे. म्हणून आमचे उत्तर आरंभीच स्पष्ट सांगतो. खोका अवश्य भरा. परंतु तो दयेने भरू नका, आणि मुलाच्या हक्काच्या जागी तो ठेवू नका.

ही चाल मूळची कोठली ते पाहू. १९९० साली ब्रिटनमधील वेल्समधून रुमानियातील अनाथ मुलांकडे बुटांच्या खोक्यांत भेटी भरून पाठविण्यात आल्या. १९९३ पासून ‘समॅरिटन्स पर्स’ या अमेरिकेतील ख्रिस्ती संस्थेने हे काम हाती घेतले. खेळणे, साबण, वही, पेन्सिल भरलेले कोट्यवधी खोके तिने जगभर पोहोचविले. खोक्याबरोबर ख्रिस्ताची कथा सांगणारी पुस्तिका जाते आणि मागाहून धर्मशिक्षणाचे पाठही दिले जातात. संस्था हे लपवीत नाही, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. आमचा आक्षेप तिच्या धर्माला नाही. खेळण्याच्या आशेने पुढे आलेल्या बालकाच्या हाती त्याच क्षणी धर्म ठेवावा काय, एवढाच आमचा सवाल आहे.

धर्मांतर ही काय चीज आहे, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास, विचार आणि वाद होता. कोणी खाऊची पुडी दिली म्हणून आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला नाही. ज्यांनी धर्म असा डोळे उघडे ठेवून घेतला, त्यांनी तो दुसऱ्याच्या लेकराला चेंडूबरोबर गुंडाळून देऊ नये. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाचा तिसरा खंड सांगतो की, सरकारमान्य अथवा सरकारी अनुदानावरील शाळेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास बसविता येणार नाही. या नियमामागील तत्त्व जसे मिशनऱ्यांना लागू, तसे आपणांसही लागू. खोक्यात बाबासाहेबांचे चरित्र घालावयाचे असेल, तर ते पालकांना दाखवून व विचारून घाला. आणि खोका केवळ आपल्याच वाडीतील मुलांना द्यावयाचा, हा विचार तर मनातून काढूनच टाका. पिंगुळीत चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जतन करणाऱ्या ठाकर समाजाची मुले आपल्याच मुलांच्या बाकावर बसतात. बाक एक आणि खोके वेगळे, हा कोणता समतेचा धडा?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली बोले यांचा ठराव संमत झाला. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. समजा, त्या दिवशी एखाद्या दयाळू गृहस्थाने वाटेतच पाण्याच्या घागरी मांडून “प्या बाबांनो, तळ्यापर्यंत कशाला जाता?” असे म्हटले असते, तर काय झाले असते? तहान भागली असती. मात्र तळे बंदच राहिले असते. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. भेटीचा खोका ही अशीच घागर आहे. ती वाईट नाही. परंतु तिच्यापायी तळ्याची वाट विसरणे हा घात आहे.

आजचे तळे म्हणजे शाळा. घटनेच्या २१-अ कलमाने आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क ठरला आहे. पाठ्यपुस्तक आणि गणवेश ही सरकारी शाळेतील मुलावर कोणाची मेहेरबानी नव्हे. २०२४-२५ साली ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत असंख्य मुलांना शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी गणवेश मिळाला नव्हता. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. अशा वेळी आपण एका मुलाला सदरा शिवून दिला, तर एक अंग झाकते. समितीत बसून ठराव केला आणि पाठपुरावा केला, तर साऱ्या शाळेची अंगे झाकतात. कायद्याच्या २१ व्या कलमान्वये या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. ३२ व्या कलमान्वये लेखी तक्रार केल्यास स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय दिला पाहिजे. खोके वाटण्यास उत्साहाने येणारे आपल्यापैकी किती जण या समितीच्या सभेस जातात?

मग दोनशे रुपयांत भरावे तरी काय? शंभर पानी तीन वह्या, दोन पेने, दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, पट्टी, रंगीत खडूंची लहान पेटी, साबणाची वडी आणि एक रबरी चेंडू. दहा घरांनी मिळून कुडाळच्या बाजारात घाऊक भावाने खरेदी केल्यास हिशोब बसतो. वह्या घेण्यापूर्वी वर्गशिक्षकांस विचारा; लहानग्याला दुरेघी लागते आणि मोठ्याला गणिताची चौकटी, तेथे सरसकट एकच वही देणे म्हणजे पैसे वाया घालविणे. संध्याकाळपर्यंत मोडणारे चकचकीत खेळणे नको. आपल्या घरातील विटके कपडे तर मुळीच नकोत. उतरलेले वस्त्र आणि उष्टे अन्न आपल्या पूर्वजांच्या वाट्याला पुष्कळ आले. ती परंपरा आपल्या हातून पुढे चालू नये. चेंडू मात्र वगळू नका. गरिबाच्या मुलाने फक्त अभ्यासच करावा, खेळू नये, असे मानणे हाही एक उद्दामपणाच आहे.

दोनशे रुपयांवर आणखी वीस रुपये काढून झाकण असलेली एक प्लास्टिकची फाईल त्यात ठेवा. आमच्या मते खोक्यातील सर्वांत मौल्यवान वस्तू हीच होय. कोकणच्या पावसात ट्रंकेतील कागदाला बुरशी चढते, वाळवी लागते, आणि मूल पुढील शिक्षणास निघाले की जातपडताळणीच्या दारात अडते. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. परंतु त्यांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जमातींसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे. ठाकरांच्या बाबतीत १९७६ च्या कायद्याने क्षेत्राची अट गेली, तरी पडताळणीचा जाच सरला नाही. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितले की, चालीरीतींची आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे. हा निकाल पिंगुळीच्या घराघरांत माहीत असावयास हवा. आजोबांच्या शाळेचा दाखला, गाव नमुना १४ मधील जन्मनोंद, मुलाचा जन्मदाखला यांच्या प्रती त्या फाईलमध्ये घाला. कागद मिळत नसतील, तर वाटपाच्या दिवशी आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी अर्ज लिहून द्यावेत.

देण्याची रीतही महत्त्वाची आहे. मुलांना रांगेत उभे करू नका, हातात खोका देऊन छायाचित्र घेऊ नका, खोक्यावर दात्याचे नाव घालू नका. दानपारमिता परतफेडीची अपेक्षा ठेवीत नाही. आणि टाळ्या हीसुद्धा परतफेडच होय. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुले व मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन गेली काही वर्षे होत आहे. तेथे जमणाऱ्या वहीवर देणाऱ्याचे नाव नसते, हेच तिचे मोठेपण.

कोणी म्हणतील, २५ डिसेंबर हा नाताळचा दिवस. आपला त्याच्याशी काय संबंध? नाताळ ज्यांचा आहे, त्यांनी तो आनंदाने साजरा करावा. पण याच तारखेला १९२७ साली महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाने शूद्राला विद्या नाकारली, तो जेथे जळाला, त्या कोकणात त्या दिवशी मुलाच्या हाती कोरी वही देण्यासारखे समर्पक कृत्य दुसरे कोणते?

तेव्हा बंधुभगिनींनो, खोका भरा, शेजारच्या मुलालाही द्या, आणि दिल्यावर घरी जाऊन निजू नका. पुढच्या शाळा समितीच्या सभेची तारीख शाळेत विचारून घ्या आणि त्या सभेस जा.