मुजाहमत, रोध आणि रेझिस्टर

गेल्या पावसाळ्यात कपिलधारला भाच्याचं विमान दरीत गेलं. थर्माकोलचं, त्यानेच कापलेलं. मोटर, बॅटरी आणि सहा चॅनलचा रिमोट मात्र दोन वर्षांची ईदी साठवून घेतलेला. धबधब्याकडे गर्दी होती म्हणून आम्ही लांब माळावर उभे होतो. विमान छान उडालं, वळलं, आमच्याकडे तोंड करून येऊ लागलं आणि तिथेच घोटाळा झाला. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं आपल्यासाठी उलटं होतं, हे त्याला माहीत होतं. बोटांना माहीत नव्हतं. मन्मथस्वामींच्या दर्शनाला आलेल्या एका आजोबांनी तुटलेला पंख शोधून आणला, वर "लेकराला रागवू नका" म्हणाले.

बोटांना शिकवायचं तर सिम्युलेटर हवा. कॉम्प्युटरवर विमान शंभरदा पडलं तरी थर्माकोल लागत नाही. प्रोग्राम मोफत मिळतात, प्रश्न फक्त रिमोट जोडायचा. तयार केबल विकत मिळते. मी म्हटलं, करून बघू.

रिमोटच्या मागे ट्रेनर पोर्ट असतो, उस्तादाचा आणि शागिर्दाचा रिमोट एकमेकांना जोडण्यासाठी दिलेला. त्यातून एकाच तारेवर सगळ्या चॅनलचे ठोके रांगेने बाहेर पडतात. काठी मधोमध असेल तर दीड मिलिसेकंद, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन. सेकंदाला साधारण पन्नास वेळा ही रांग फिरून येते. म्हणजे हा जवळजवळ आवाजच, आणि आवाज ऐकायला लॅपटॉपला माइकचं भोक आहेच. स्मार्टप्रोपो प्लस हा मोफत प्रोग्राम ते ठोके मोजतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, जॉयस्टिक लागली आहे.

आमची पहिली केबल चालली नाही. मी जुन्या इअरफोनची तार वापरली होती, तिला डाख धरेना. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाला बोलावलं. तो शाळा सुटल्यावर चाचाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. विज्ञानात पस्तिसाला टेकतो, कधी टेकतही नाही. त्याने तार हातात घेतली आणि म्हणाला, "सर, यावर लाखेचं पाणी असतं, आधी जाळावं लागतं." मग पिनकडे बघून हसला. लॅपटॉपला हेडफोन आणि माइकचं एकच भोक, त्यात माइक चौथ्या कडीवर असतो. आमच्या पिनला तीनच कड्या होत्या. त्याने चार कड्यांची पिन आणली, मध्ये दहा हजार आणि एक हजार ओहमचे दोन रेझिस्टर टाकले, कारण "माइकला एवढा व्होल्टेज सोसत नाही". माइक बूस्ट आणि गोंगाट कमी करायची सोय त्यानेच बंद केली, नाहीतर लॅपटॉप आमचे ठोके गोंगाट समजून गिळत होता. खर्च शंभर रुपयांच्या आत.

मी विचारलं, "मुजाहमत म्हणजे काय?" त्याने मान खाली घातली. परीक्षेत या प्रश्नाचे त्याचे दोन मार्क गेले होते. उर्दू पुस्तकातली मुजाहमत, मराठी पुस्तकातला रोध आणि त्याच्या चिमट्यातला रेझिस्टर, हे एकच आहेत असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात मीही आलो. दोन भाषा शिकवतो, त्यांच्यामधला हा पूल माझ्याच वाट्याचा होता.

आपल्या जलशांत एक वाक्य हमखास येतं, आपल्या पोरांच्या हातात हुनर असतो. टाळ्या पडतात. मला आता ते वाक्य टोचतं. हाताचं कौतुक करून आपण डोक्याची फी वाचवतो. त्याच भाषणात अल-जझरीचं नाव येतं, 1206 सालचं यंत्रांचं पुस्तक येतं. पण तो स्वतः कारागीर होता आणि वाचणाऱ्याला यंत्र बनवता यावं म्हणून एकेका भागाची कृती लिहीत बसला होता, हे कुणी सांगत नाही. दुसरीकडे तळपदेंचं विमान उडतंच आहे. पूर्वजांची विमानं सगळ्यांकडे आहेत, डाखणी मात्र शाळेत शोधूनही सापडत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृती सुबक असली की मार्क मिळतात.

त्या मुलाचं नाव नववीनंतर काढायचं घरात ठरलंय. मी वडिलांना भेटलो. "दहावी करके क्या करेगा सर? दुकान में बैठा तो रोज के पैसे आते." त्यांचं गणित चुकीचं नाही, घरात खाणारी सात माणसं. मी त्यांना शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनचं सांगितलं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटच्या प्रमाणपत्राला वय अठरा पूर्ण आणि दहावी पास लागते. डाख कितीही चांगला लागला तरी तिथे तो विचारत नाहीत. ते बराच वेळ गप्प होते. "ईद होऊ द्या," म्हणाले.

भाचा आता समोरून येणारं विमान सरळ उतरवतो. तो मुलगा मात्र रोज येतो आणि मुद्दाम ते आदळवतो, त्याला आवाज आवडतो. केबलवर त्याने कागदाची पट्टी चिकटवली आहे. त्यावर उर्दूत मुजाहमत लिहिलंय, खाली मराठीत रोध. धला काना देऊन.