आयते नियम कुणाचे?

२००१चा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम गेमक्यूब कन्सोलवर लावला की आयती मिळते ती २ मिनिटांची धुमश्चक्री: वरून बॉम्ब पडतात, बेसबॉलची बॅट पडते, आणि कालचं पोरही मुरलेल्या गड्याला लोळवतं. स्पर्धावाले आधी मेनूत शिरतात. वस्तू बंद, ४ जीव, ८ मिनिटं, मोजकीच मैदानं. पत्ते पिसण्याआधी जोकर बाजूला काढावा तसं. माझं मत विचाराल, तर आयते नियम नवख्याचेच असावेत. मुरलेल्याला मेनू सापडतोच, नवखा तिथे फिरकतही नाही. (फिरकला तर खेळ बिघडवूनच परततो.) याच मालिकेतल्या २०१८च्या ‘अल्टिमेट’मध्ये नियमांचे वेगवेगळे संच नावानिशी जतन होतात, त्यामुळे भाचरांची दंगल आटोपली की त्याच गेममध्ये थोरल्यांची निकाली कुस्ती.