जुन्या पिकअप गाडीचा स्लो व स्क्रू पिळण्याची खोड

मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारपट्टीच्या तालुक्यांत काही बागायतदारांकडे अद्याप कार्बुरेटरची जुनी पेट्रोल गाडी आहे. मुंबईत १९४७ पासून जुळविल्या जाऊ लागलेल्या विलीस जीपच्या वंशातील गाडीस मागे हौदा बसविला, की आंब्याच्या पेट्या व खताची पोती बागेतील चढावरून वाहून नेण्यास ती पुरेशी होते. तिच्याविषयी एकच तक्रार वारंवार कानी येते : पाय काढताच इंजिन बंद पडते. तक्रार ऐकताच मेस्त्रीचा हात प्रथम स्लोच्या स्क्रूकडे जातो. हा क्रम उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्क्रू पिळून वेग वाढविला म्हणजे दोष जात नाही, झाकला जातो. पेट्रोल व्यर्थ जळते, गिअर घालताना धक्का बसतो आणि चावी बंद केल्यावरही इंजिन काही क्षण गुरगुरत राहते. पुढे दोष वाढला, की गाडी पुन्हा बंद पडू लागते. आणि ती नेमकी कोठे बंद पडेल हे सांगता येत नाही. ज्या गाडीच्या ब्रेकला इंजिनाच्या ओढीचे साहाय्य असते, तिचे इंजिन बंद पडल्यावर एकदोन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. पेट्रोल वाचविण्यासाठी फोंडा किंवा आंबोली घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. भरल्या गाडीने असे उतरणे हा आमच्या मते निव्वळ अविचार होय.

मंद वेगात कार्बुरेटरचे झाकण जवळजवळ मिटलेले असते व इंजिनास लागणारे पेट्रोल एका सुईएवढ्या छिद्रातून येते. या छिद्रात कणभर गाळ अडकला, अथवा कार्बुरेटरच्या बुडाच्या ग्यासकिटातून वा तडकलेल्या रबरी नळीतून जादा हवा शिरली, की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळते. दोन्ही विकारांस आमची खारी, दमट हवा व चार महिन्यांचा पावसाळा अनुकूल. उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बुरेटरच्या वाटीत पांढरी पूड धरलेली पुष्कळांनी पाहिली असेल.

म्हणून प्रथम प्लग, पॉइंट व हवेची जाळी पाहावी. या तिन्हींतील दोष कार्बुरेटरच्या माथी मारले जातात. नंतर इंजिन पूर्ण तापवून चोक हळूहळू अर्धा ओढावा. इंजिन सुधारले, तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. काळा धूर सोडून अधिकच गुदमरले, तर पेट्रोल जास्त येत असून फ्लोटची सुई नीट बसत नाही. मिश्रण पातळ आढळल्यास एकेक नळी चिमटीत धरून पाहावी व सांध्यांवर थोडे पाणी शिंपडावे. इंजिनाचा सूर बदलला, तर गळती तेथेच. गळती शोधण्यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याचे साहस कोणी करू नये. जेट काढल्यास तारेने टोचू नये, कारण पितळेचे छिद्र रुंदावले की ते कायमचेच. हवेच्या फुंकरीने साफ करावे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण मिटेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे, व मिटविताना जोर लावू नये. सुईचे टोक दबले तर मग कोणताही फेरा लागू पडत नाही. एवढे झाल्यावर स्लोच्या स्क्रूची पाळी.

पेट्रोलातील इथेनॉलासंबंधी दोन शब्द. २०२५ साली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. ऊस व मका पिकविणाऱ्या बंधूंस यात बाजार मिळाला, त्याबद्दल आम्हांस असूया नाही. परंतु एक भाग शुद्ध पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलास केवळ ९. म्हणून जुन्या मापाने लावलेल्या कार्बुरेटरात नव्या पेट्रोलाचे मिश्रण पातळच पडते व मिश्रणाचा स्क्रू किंचित श्रीमंत बाजूस न्यावा लागतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते, आणि जुने रबर त्यास टिकत नाही. तथापि प्रत्येक बिघाड इथेनॉलाच्या नावे खर्ची टाकून स्वस्थ बसणे हीही पळवाटच होय; दहा वर्षे न बदललेली नळी कोणत्याही पेट्रोलाने तडकली असती.

आमची सूचना अशी की, सोसायट्यांनी खताच्या गोदामातच एक लहान फळी राखावी. तीवर इथेनॉलास टिकणारी रबरी नळी, ग्यासकिटे, फ्लोटची सुई व प्रचलित मापांचे जेट असावेत. सभासदाचा हंगामातील एक दिवस वाचला, तरी त्यांची किंमत वसूल होते. आणि मृगापूर्वी गाडी खोपीत लावताना पेट्रोलची नळी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे वाटी कोरडी होते. टाकीच्या झाकणाचे रबरही त्याच वेळी पाहून घ्यावे.