पसाभर गव्हाची गोष्ट

कथा-कादंबरीचा नायक कसा असावा? दिवाळी अंक हाती पडले की हा प्रश्न दरसाल मनात येतो. एका अंकात तो शूर असतो, दुसऱ्यात देखणा, तिसऱ्यात इतका सद्‍गुणी की चौथ्या पानावर वाचकाला जांभई यावी! गुणांची बेरीज केली म्हणजे नायक होत नाही. मग कशाने होतो? उत्तर हवे असेल तर राळेगावकडे चला.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे. पण शेजारी राम नाही. सीता एकटीच. लोककथा अशी की, रामाने त्यागलेली सीता येथे राहिली, येथेच लव-कुश जन्मले. त्या बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितले. गावाने दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला : या शिवारात गहू पिकणार नाही! संकरित बियाणे येईपर्यंत तो पिकतच नव्हता, असे गावकरी सांगत आले. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन या मंदिराचा जीर्णोद्धार करविला.

आता पाहा, ही कथा रचणाराने काय केले? राजाच्या राणीला पसाभर धान्याची गरज लावली. गरज लहान, नकार मात्र मोठा! आणि नकारानंतर तिला रडत बसविले नाही, संतापू दिले. गंमत अशी की, कथा सांगणारा गावच कथेत अपराधी आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्याने ती जपली. जिच्यापुढे ऐकणारालाच आपली चूक दिसू लागते, ती खरी नायिका!

अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ (१९५९) उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, तेव्हा आपण त्याला चोर म्हणत नाही. कोठारे भरलेली का होती, असे विचारतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) मधली वऱ्हाडातील कौतिक तर काही लुटतही नाही. नवऱ्याचा आधार नसलेला संसार ती नुसती ओढत राहते. तिच्या पदरी यश पडत नाही, पण पुस्तक मिटल्यावर तिच्या शेजाऱ्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न काही मिटत नाही.

वाचकहो, कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरे याच जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मागे राहिलेली बाई पोरांना घेऊन शेत कसते, कापूस वेचते. तिची कादंबरी लिहिली जाईल तेव्हा जाईल. तोवर ती दारात आली तर आपल्या घरातून पसाभर गहू निघतील ना, एवढे आपण पाहावे.