तीन मिनिटे, पण कोणापुढे?

ऐंशी हजार शब्दांचा पीएच.डी.चा प्रबंध बोलून दाखवायचा तर नऊ तास हवेत. तो तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडच्या आधाराने सांगायची स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 साली सुरू केली. तिचा जन्म दुष्काळातला. पाणी वाचावे म्हणून तिथे न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचे घड्याळ लावत. त्यावरून ॲलन लॉसन या प्राध्यापकांना ही कल्पना सुचली. पावसाच्या भरवशावर कापूस पेरणाऱ्या, तेलंगणातल्या आदिलाबादकडच्या आमच्या भीमपूरला ही जन्मकथा परकी वाटू नये. आपल्याकडचे विद्वान मात्र या प्रकाराला पोरखेळ म्हणतात. ज्ञान लोकांपर्यंत नेताना ते वाढते, आटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. गीतेचे सातशे श्लोक ज्ञानदेवांनी मराठीत आणले तेव्हा त्यांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या! दाखला खरा आहे, पण अर्धा. त्याच परंपरेतला कीर्तनकार आधी चार चरणांचा अभंग घेतो आणि मग दोन तास निरूपण करतो. अभंगाने निरूपणाची जागा घ्यावी अशी कोणाची अपेक्षा नसते. ऐकणारा मांडी घालून बसतो की उठून जातो, ते तिथे ठरते. तीन मिनिटांकडून तेवढेच मागावे.

इथलेच उदाहरण घ्या. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे आणि तिथले वाघ नदी ओलांडून भीमपूर मंडलात येतात. 2019 मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. महाराष्ट्र आणि तेलंगणातून तेराशे किलोमीटरहून अधिक चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बरीचशी वाट शेतांतून, चालणे मुख्यतः रात्रीचे. यामागची गणिते तीन मिनिटांत मावणार नाहीत, मावायची गरजही नाही. पण वाघ शेताचा वापर वाट म्हणूनही करतो, हे रात्री जागलीला जाणाऱ्याला कळले तर तो जे प्रश्न विचारील, ते कदाचित प्रबंधात सापडणारही नाहीत. सोपे करताना चूक शिरते, हा आक्षेप इथे मला सगळ्यात गंभीर वाटतो. ‘वाघ माणसाला बहुधा टाळतो’ यातला ‘बहुधा’ गाळला तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. म्हणून तो शब्द राहिलाच पाहिजे, आणि तीन मिनिटांत एक शब्द नक्की बसतो.

उरला भाषेचा बहाणा. शास्त्राला आमच्या बोलीत शब्द नाहीत म्हणे! याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाईला, 1940च्या दशकात हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड मुलांसाठी देवनागरी लिपीत गोंडी वाचनपाठ तयार झाले. तेव्हा जमले ते आज का अडावे? माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या स्पर्धांतला ‘सामान्य श्रोता’ म्हणजे बहुतेकदा वातानुकूलित सभागृहातला दुसऱ्या विभागाचा प्राध्यापक, आणि बोलणे इंग्रजीत. हे सामान्यांपुढे बोलणे नव्हे, शेजारच्या खोलीत डोकावणे आहे. ज्यांच्या शेतात, जंगलात, घरात बसून नोंदी घेतल्या, त्यांच्यापुढे मराठीत, तेलुगूत किंवा गोंडीत तीन मिनिटे उभे राहिल्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाने अशा विद्यार्थ्याला मौखिक परीक्षेची तारीख देऊ नये.