खोड की शिक्का?

तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा चोरीत सापडला, की ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. दोष त्याच्या रक्तात आहे म्हटले की बाकी कुणाला काही करायला नको!

पण ही खोड येते कुठून? आपल्या वऱ्हाडातले फासेपारधी पाहा. फासे लावून तितर-बटेर धरणारे हे शिकारी लोक. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. लोकांच्या मनातला शिक्का राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद झाली. पोटाचा धंदा गेला, बदनामी तेवढी उरली.

अमरावती-अकोल्याकडे कुठे चोरी झाली, की संशय आधी पारध्यांच्या बेड्यावर जातो. बापाला वारंवार उचलून नेताना पाहणाऱ्या पोराच्या मनात काय रुजत असेल? आपण कोण, हे मूल इतरांच्या नजरेत वाचते. चांगले वागूनही चोरच ठरायचे असेल, तर चांगले वागायचे कशाला? हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच मांडले होते : शिक्का बसलेला माणूस हळूहळू त्या शिक्क्यासारखा होत जातो.

याचा अर्थ गुन्ह्याला शिक्षा नको, असा नाही. ज्याचे घर फुटते त्याचे दुःख खरेच असते. गरिबीत राहूनही असंख्य माणसे कुणाच्या काडीला हात लावीत नाहीत, हेही खरे. पण शिक्षा संपल्यावरही अविश्वास संपत नसेल, तर माणसाने परतायचे कुठे? जुने सोबतीच त्याला जवळ करतात.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. स्वतः फासेपारधी असलेल्या मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे, भीक मागणाऱ्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. पोरे तीच, बेडे तेच. फक्त कुणीतरी त्यांना विद्यार्थी म्हटले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या प्रथेवरही बोट ठेवले. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. पण सुटून आलेल्याला पहिली मजुरी कोण देणार, त्याच्या पोराला आपल्या मुलाशेजारी बाकावर कोण बसू देणार, हे मात्र तुम्हा-आम्हालाच ठरवायचे आहे.