आशियाच्या वर्गात आपण कुठे?

गेल्या हिवाळ्यात एका विद्यापीठात ‘दक्षिण आशियातील घरखेप कामगार स्त्रिया’ या विषयावर व्याख्यान होते. पत्रिकेवर ‘सर्वांना प्रवेश खुला’ असे छापलेले होते, म्हणून सोलापूरहून आम्ही तिघी एसटीने गेलो. मी, संघटनेच्या कार्यालयाचे काम पाहणारी एक मैत्रीण, आणि आमच्या वस्तीतल्या एक मावशी. मावशींनी वीस वर्षे विड्या वळल्या. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून त्या घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात. घरखेप म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

व्याख्यात्या परदेशी विद्यापीठातल्या होत्या. अभ्यास चांगला होता, आव नव्हता. पडद्यावर एक चित्र आले. उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई, बाजूला तेंदूची पाने. मावशी माझ्या कानाशी लागल्या, “अगं, हे तर आपलंच. पण छाट किती जाते ते कुठं सांगितलं?” बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कारखान्यात विड्या मोजून घेताना ‘खराब’ म्हणून बाजूला काढतात त्याला छाट म्हणतात. त्या विड्यांचे पैसे बाईला मिळत नाहीत. मजुरीचा सारा हिशेब तिथेच फिरतो.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मावशींनी हात वर केला. त्यांचा प्रश्न छाटीचाही नव्हता. व्याख्यानात ढाक्याच्या राणा प्लाझाचा उल्लेख आला होता. २४ एप्रिल २०१३ रोजी ती इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली, त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया. त्यानंतर परदेशी कपडे कंपन्यांना कारखान्यांच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार करावा लागला. मावशींना विचारायचे होते की त्या करारात घरी बसून शिवणाऱ्या बाया आल्या का. सूत्रसंचालकांनी अगदी सौम्यपणे सांगितले, प्रश्न कृपया इंग्रजीत विचारावा. मी उठून भाषांतर करीपर्यंत वेळ संपली होती, आणि बाहेर चहा तयार होता.

चहाच्या वेळी व्याख्यात्या स्वतः आमच्याकडे आल्या, मावशींशी मोडक्यातोडक्या हिंदीत प्रेमाने बोलल्या आणि विचारले, मुलाखत द्याल का? मावशी हो म्हणाल्या. त्यांना ‘नाही’ म्हणणे जमत नाही. परतीच्या एसटीत मात्र मी धुमसत होते. सभागृहात प्रश्न विचारायला जिला जागा नव्हती, ती मुलाखतीसाठी लगेच चालली!

हे एका विद्यापीठाचे गाऱ्हाणे नाही, म्हणून नावही लिहीत नाही. ही विद्याशाखाच अशी घडली आहे. आज जगभर ‘आशिया अध्ययन’ किंवा ‘दक्षिण आशिया अध्ययन’ म्हणून जे विभाग दिसतात, त्यातल्या मोठ्या भागाला शीतयुद्धाने पैसा पुरवला. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि १९५८ साली अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. दूरदेशींच्या भाषा शिकवायला विद्यापीठांना त्यातून पैसे मिळाले. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दुसरा धागा आपल्या स्वयंपाकघरातून जातो. पी. एल. ४८० खाली आलेला अमेरिकन तांबडा गहू आमच्या आयांच्या पिढीला चांगला आठवतो. त्याच्या रुळायला न येणाऱ्या पोळ्यांच्या तक्रारी ऐकतच आम्ही वाढलो. त्या गव्हाचे पैसे भारत सरकारने रुपयांत भरले. ते इथेच साठले, आणि १९६२ पासून त्यातलेच काही रुपये खर्चून भारतीय भाषांतली पुस्तके आणि नियतकालिके अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. त्यात मराठीही होती. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जे मासिक वर्षअखेर रद्दीत गेले, ते तिकडे बांधणी होऊन कपाटात राहिले. रेशनच्या रांगेत आपल्या आया उभ्या राहिल्या आणि वाचनालय शिकागोचे भरले!

उपहास करणे सोपे आहे, पण देणेही मान्य केले पाहिजे. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला तेव्हा आपल्याकडच्या विद्यापीठांना तो विषय विद्यापीठीय वाटत नव्हता. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ सालच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’चा इंग्रजी अनुवाद रोझालिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला, म्हणून ती जगात वाचली गेली. गेल ऑमव्हेट प्रबंधासाठी आल्या आणि कासेगावच्याच झाल्या. १९८३ साली त्यांनी नागरिकत्व घेतले, आणि २०२१ साली त्या गेल्या तेव्हा किती गावांतल्या बायांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले! बाहेरून येऊन अभ्यास करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. आपण अभ्यास करणाऱ्या का होत नाही, आणि शेजारच्या आशियाकडे आपले लक्षच का जात नाही, हा माझा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, आशियाशी आपला काय संबंध? महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाची एक मोठी गोष्टच टोकियोतून सुरू होते. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली तिथे जपान महिला विद्यापीठ काढले. त्या संस्थेची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा काढून वाचली आणि स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना परिषदेपुढे मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, आज आपण जिला एसएनडीटी म्हणतो ती संस्था सुरू झाली. त्याच विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांनी देशातले पहिले स्त्री अभ्यास केंद्र उभे केले. म्हणजे एका जपानी पुस्तिकेचे देणे आपल्यावर आहे.

पण त्या पुस्तिकेबरोबर आणखी काय आले, तेही पाहा. मेजी काळातल्या जपानात मुलींच्या शिक्षणाचे अधिकृत ध्येय ‘चांगली पत्नी, शहाणी माता’ हे होते. आपल्याकडेही मुलींसाठी वेगळा, घरसंसाराला उपयोगी अभ्यासक्रम असावा असे कर्व्यांचे मत होते. जपानच्या उदाहरणाने त्या मताला आधारच मिळाला. आता दुसरी बाजू. याच जपान महिला विद्यापीठातून १९०६ साली हिरात्सुका राइचो नावाची मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. तिने मैत्रिणींना जमवून १९११ साली ‘सेइतो’ हे बायकांचे, बायकांनीच चालवलेले मासिक काढले. त्यात त्यांनी लग्न, गर्भपात, वेश्याव्यवसाय या विषयांवर उघड वाद घातला. सरकारने काही अंकांवर बंदी घातली. त्या काळी जपानी बाईला राजकीय सभेला जायचीही कायद्याने मनाई होती, ती १९२२ साली उठली. आणि ‘सेइतो’ बंद पडले ते १९१६ साली, नेमके आपले महिला विद्यापीठ सुरू झाले त्या वर्षी.

संस्थेच्या माहितीपुस्तिकेत अशी बंडखोर माजी विद्यार्थिनी कधी सापडत नाही. ती सापडायची तर तिथे जाऊन, भाषा शिकून, बायांमध्ये बसावे लागते. कर्व्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी पुण्याची एखादी विधवा मुलगी दोन वर्षे टोकियोत राहून आली असती, तर तिने पुस्तिकेबरोबर ‘सेइतो’चा एखादा अंकही आणला असता, असे मला राहून राहून वाटते. अभ्यासाला कोण जाते, यावर काय परत येते ते ठरते.

आज जायच्या वाटा आहेत का? कागदावर पुष्कळ आहेत. जपान सरकारच्या संशोधक शिष्यवृत्तीला वय पस्तिशीच्या आत लागते, कोरियाच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला चाळिशीच्या आत. आमची एक कार्यकर्ती नवऱ्याने टाकल्यावर माहेरी आली, मुलाला वाढवत मुक्त विद्यापीठातून तेहेतिसाव्या वर्षी बी. ए. झाली. एम. ए. होईपर्यंत जपानचे दार बंद झाले होते. पुरुषाचे शिक्षण सरळ रेषेत चालते असे धरून या अटी घातलेल्या आहेत. ज्या वर्षांत बाई बाळंतपणे, सासुरवास आणि कोर्टाच्या तारखा उरकते, ती वर्षे अर्जात कोऱ्या रकान्यासारखी दिसतात.

काही ठिकाणी वेगळा विचार झालेला आहे. सोलच्या एव्हा महिला विद्यापीठात १९९५ साली आशियाई स्त्री अभ्यास केंद्र निघाले. पुढे तिथे आशिया-आफ्रिकेतल्या कार्यकर्त्या स्त्रियांसाठी थोड्या दिवसांचे वर्ग सुरू झाले, ज्यांत चळवळीतला अनुभव हीच पात्रता धरतात. कमला भसीन यांनी ‘संगत’तर्फे दक्षिण आशियातल्या कार्यकर्त्यांसाठी महिनाभराची शिबिरे भरवली. पाकिस्तानची, नेपाळची, श्रीलंकेची बाई एका खोलीत राहून एकत्र शिकली. कमलाताई २०२१ साली गेल्या. पण तिथून आलेल्या मैत्रिणी सांगतात की सीमा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकापेक्षा त्या खोलीत जास्त कळले. अडचण एकच, इंग्रजी. ती आली की आपल्यातली निम्मी संघटना आपोआप गळते.

करोनाच्या काळापासून लंडनची व्याख्याने घरी बसून ऐकता येतात हेही खरे. तिथे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. भांडी झाल्यावर, घर झोपल्यावर, कानात वायर घालून मी काही ऐकली. झोप येते, पण मोहही होतो.

आमच्यातच एक आक्षेप नेहमी निघतो. इथे पोटगीचे, रेशनकार्डाचे, मारहाणीचे प्रश्न संपेनात, त्यात कोरिया कशाला? मी म्हणते, त्याच प्रश्नांसाठी. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्ध बाईंनी नाव आणि चेहऱ्यासह जगाला सांगितले की जपानी सैन्याने आपल्याला लैंगिक गुलाम केले होते. घटनेला तोवर पन्नासच्या आसपास वर्षे झाली होती. जानेवारी १९९२ पासून सोलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने सुरू झाली. त्याच वर्षी राजस्थानात भंवरीदेवी उभ्या राहिल्या, आणि ‘इतके दिवस का गप्प होती’ हा प्रश्न आपण पोलीस ठाण्यात पुन्हा पुन्हा ऐकत होतो. त्याचे उत्तर सोलच्या रस्त्यावर दर बुधवारी दिले जात होते. आपल्याला ते माहीत नव्हते. श्रीलंकेत कटुनायके येथे १९७८ साली निर्यात क्षेत्र सुरू झाले आणि १९८४ पासून तिथल्या कामगार मुलींनी ‘दाबिंदू’ हे पत्र चालवले. नावाचा अर्थ घामाचे थेंब. सोलापूरच्या गणवेश शिवणाऱ्यांसाठी याहून जवळचे पाठ्यपुस्तक कुठले?

तेव्हा विद्यापीठांकडे माझे मागणे साधे आहे. सार्वजनिक व्याख्यानाचा एक पानी मराठी सारांश दारात वाटा. प्रश्न कुठल्याही भाषेत घ्या, भाषांतर करणे हे तुमच्या विद्यार्थ्यांचे शिक्षणच आहे. वर्षातले एखादे व्याख्यान तालुक्याला, बाजाराच्या दिवशी ठेवा. पदवी नसलेल्या पण दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या बाईला छोट्या अभ्यासक्रमात बसू द्या, तिच्या मुलासाठी एक खोली ठेवा. आणि पुण्यात ज्या इतक्या मुली कंपन्यांसाठी जपानी शिकतात, त्यांच्यापैकी दोघी-चौघींनी आम्हाला त्या भाषेतले बायकांचे थोडे काही वाचून दाखवावे. आम्ही त्यांना सोलापुरी चादर देऊ, मानधन जमेल तेवढे.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मी शोधून काढले. तो करार कारखान्यांपुरता होता, घरी शिवणाऱ्या बाया त्यात नव्हत्या. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा ठराव १९९६ सालीच झाला आहे. तो व्हावा म्हणून अहमदाबादच्या ‘सेवा’ने झुंज दिली, पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, बांगलादेशानेही नाही. हे सांगितल्यावर मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तिकडची बाई पण आमच्यासारखीच उंबऱ्याच्या आत. तिचा पत्ता मिळंल का?”

त्या विभागाने या वर्षीच्या व्याख्यानमालेची पत्रिका पाठवली आहे. आम्ही उलट पत्र लिहिले: येऊ, पण एका दिवशी व्यासपीठावरची वीस मिनिटे मावशींना मराठीत बोलायला द्यावीत. विषय, हजार विड्यांमागे छाट. उत्तर अजून आलेले नाही. मावशींनी मात्र वहीत मांडायला सुरुवात केली आहे. शेजारच्या आळीतल्या बाया दर शनिवारी त्यांच्याकडे आकडे सांगायला येतात.